पुढे पोलीस नव्हते, दिगू

दिगू, तू गेल्यापासून लोक मला शहाण्या माणसासारखं वागवायला लागलेत. हे काही बरं नाही. परवा केस कापायला गेलो तर बाकावरचे तिघं सरकले आणि मला मधे जागा करून दिली. एरवी मी दारात दिसलो की कोणीतरी ओरडायचंच, कीर इलो रे, सरपंचाचो आवाज काढ. आता विचारतात, जेवलस? बस, पंख्याखाली बस.

जेवतोय रे मी. हीच तर भानगड आहे. मला वाटलं होतं, तू गेलास म्हणजे मला निदान काही दिवस भूक लागणार नाही. लागते. सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की पावासाठी पहिला मी बाहेर. पहिल्या दिवशी तर भोंपू ऐकून तुझी आईपण पिशवी घेऊन फाटकाशी आली. एरवी मी तोंडाने तो भोंपू वाजवून तिला चार वेळा फसवायचो आणि ती मला खराटा दाखवायची. त्या दिवशी खरा पोदेर आला होता आणि काकी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभी राहिली. मी खरंच काही केलं नव्हतं. तरी मला कसंतरीच झालं. असं सगळं उलटंपालटं चाललंय बघ.

आता हे वाचणारे सगळेच काही पेडण्याचे नसणार. म्हणून दोन गोष्टी सांगून घेतो, तू तेवढ्यापुरते कान बंद कर. कीर म्हणजे पोपट. हे नाव मला दिगूने दिलं, पाचवीत मी मुख्याध्यापकांच्या आवाजात खोकलो आणि अख्खा वर्ग उभा राहिला तेव्हा. दुसरी गोष्ट डोक्यावर हात मारण्याची.

आमच्या गावात हेल्मेट डोक्यावर नसतं, कोपरात असतं. बायका काकणं घालतात तशी आमची पोरं डाव्या कोपरात हेल्मेट घालून मोटारसायकल चालवतात. हायवेच्या नाक्यावर पोलीस उभे असतात, तिथे पोचायच्या आधी ते डोक्यावर चढवायचं. पण पोलीस आज आहेत की नाहीत हे कळणार कसं? तर समोरून येणारा सांगतो. तो तुमच्याकडे बघून हँडलवरचा डावा हात उचलतो आणि आपल्या डोक्यावर थाप मारतो. अर्थ एवढाच, पुढे पोलीस आहेत, घाल. हे कोणी कोणाला शिकवत नाही. ज्याच्याशी जमिनीचा दावा चाललाय, ज्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, त्यालापण माणूस डोक्यावर थाप मारून सांगतो. गावात एवढा एकच विषय असेल ज्यात सगळे एकमेकांचे आहेत.

आणि दिगू, तू त्या एकाच विषयात खोटं बोलायचास.

रोज सकाळी कंपनीत जाताना समोरून जे पोरगं उघड्या डोक्याने येईल त्याला तू थाप मारून दाखवायचास. पुढे पोलीस नाहीत, पोलिसाची टोपी नाही, काही नाही. पोरगं बिचारं गडबडीत गाडी हळू करायचं, कोपरातलं हेल्मेट डोक्यात कोंबायचं, शर्टाचं बटण लावायचं, साहेबाला तोंड द्यायच्या तयारीत नाक्यावर पोचायचं. तर तिथे पोलिसाच्या जागेवर एक बैल रवंथ करत बसलेला. मग ते तुझ्या नावाने जे काही बोलायचं ते मला इथे लिहिता येणार नाही. गावात तुझं नाव फटिंग दिगू पडलं. मला कीर आणि तुला फटिंग, म्हणजे एक पोपट आणि एक खोटारडा. तुझे बाबा म्हणायचे, जोडी बरी जमली हा.

या थापेवरून आपलं भांडण अजून संपलेलं नाही, लक्षात ठेव. सोड्याच्या गाड्यावर आपण बसलो होतो. मी म्हटलं, ही खूण सगळ्यांची आहे, तू ती नासवतोयस. उद्या खरंच पोलीस असतील, तू थाप मारशील आणि कोणी ऐकणार नाही. फुकट दंड भरतील पोरं. तू सोड्यातलं मीठ ढवळत होतास. म्हणालास, "भरूंदेत. जितो माणूसच दंड भरता."

मी गप्प बसणारा नाही. मी ट्रॅफिक हवालदाराचा आवाज काढला, लायसन दाखव, पीयूसी दाखव, बापाचं नाव सांग. गाडेवाला हसून हसून पडायचा बाकी. तू हसला नाहीस. तू म्हणालास की तुझ्या शिफ्टमधली दोन पोरं एका वर्षात गेली, दोघंही तुझ्यापेक्षा लहान, एक तर लायसन मिळाल्याचे पेढे वाटून गेलेला. मग म्हणालास, "तीं मरणाक भियत नाय रे, कीर. पोलिसाक भियतत. मगे मी काय करू?"

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. नंतर आंघोळ करताना सुचलं. पोलिसाला भिऊन घातलेलं हेल्मेट नाका ओलांडला की पुन्हा कोपरात जातं. हे तुला सांगायला आलो, तर तू कंपनीत गेलेलास. मग राहूनच गेलं. आता मी ते वाक्य घेऊन हिंडतोय आणि मला पक्कं माहीत आहे की तू काय म्हणाला असतास. म्हणाला असतास, नाक्यापर्यंत तरी डोकं झाकलं ना? झालं. पुन्हा मीच गप्प.

खरं तर गाडीच्या बाबतीत तुझ्याशी भांडायचा मला अधिकारच नव्हता. मला गाडी शिकवलीस तूच. मला आणि तुझ्या धाकट्या भावाला, साईशला. तुझ्या मामाच्या घरी डिचोलीला जायचो आपण, आमोण्याच्या अलीकडे. खाण बंद पडलेली आणि खाणीचा रस्ता लालभडक, रुंद, रिकामा. ज्या रस्त्यावर तुझे बाबा वर्षानुवर्षं खनिजाचा टिपर पळवत होते, त्या रस्त्यावर आपण स्कूटर घेऊन वीसच्या स्पीडने. तू मागे बसायचास. मी आरशात बघितलं नाही की हेल्मेटवर बोटाच्या पेराने टक. इंडिकेटर विसरला, टक. साईश तेव्हा नववीत, त्याला तू गाडीला हात लावू द्यायचा नाहीस. तो धुळीत उभा राहून मला बसलेले टक मोजायचा आणि घरी जाऊन सगळ्यांना आकडा सांगायचा. अठरा पूर्ण झाल्यावर तूच त्याला लायसनला घेऊन गेलास. आठचा आकडा त्याने पाय न टेकता काढला आणि तू असा बघत होतास जसं काही त्याने विमान उतरवलं.

मला तेव्हा खूप हेवा वाटला होता. मी तुला हे सांगितलं नाही. मला सख्खा भाऊ नाही, मग हेल्मेटवर टक करणारं माणूस मला फुकटात मिळालं, याबद्दल आभार मानायचे असतात हे मला माहीत नव्हतं. आपल्यात कोणी कोणाचे आभार मानले असते तर दुसऱ्याने ताप बघितला असता.

आता त्या सकाळचं. हे लिहू की नको, मी साईशला विचारलं. तो म्हणाला, लिही, सगळ्यांना माहीतच आहे.

काजूच्या बागेकडचं वळण. तिथे एक म्हातारी भाजी घेऊन बसते, भेंडी, तवशी, लाल भाजी. तुझी तिची ओळख होती, जाताना हॉर्न वाजवायचास. तिने सगळं बघितलं आणि येईल त्याला सांगितलं, पोलिसांनासुद्धा. ती म्हणाली, तू हळू होतास. हेल्मेट होतं. समोरून एक पोरगा मोटारसायकलवर येत होता, उघड्या डोक्याने. तू हात वर केलास आणि डोक्यावर थाप मारलीस. त्या पोराने तुझं ऐकलं. त्याने गाडी हळू केली, जवळजवळ थांबवलीच, आणि कोपरातलं हेल्मेट काढून घालायला लागला. त्याच्या मागून एक कार येत होती. पुढचा एकदम का थांबला हे कारवाल्याला कळलं नाही. त्याने ब्रेक मारला नाही, कार बाहेर काढली. वळणावर. आणि बाहेर तू होतास.

बस, एवढंच. याच्यापेक्षा जास्त कोणाला काही माहीत नाही.

दिगू, मी हे किती वेळा उलटसुलट लावून बघितलं असेल. तू थाप मारली नसतीस तर तो पोरगा थांबला नसता. तो थांबला नसता तर कार बाहेर आली नसती. पण कारवाल्याने जरा दम धरला असता तरी काही झालं नसतं. आणि त्या पोराच्या डोक्यावर घरातून निघतानाच हेल्मेट असतं तर तू हात उचललाच नसतास. मी कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी तूच मरतोस. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? मी म्हणायचो तुझ्या थापेवर आता कोणी विश्वास ठेवत नाही. नेमका त्या दिवशी एकाने ठेवला. म्हणजे भांडण तू जिंकलास. याचा मी काय अर्थ लावायचा?

कार चालवणारा पोरगाही साईशच्याच वयाचा. लायसन नवीन, कार काकाची, मोपच्या विमानतळावर पाहुण्यांना आणायला निघालेला आणि उशीर झालेला. हात मोडला, बाकी ठीक आहे. मला त्याचा राग राग करायचा होता. मी त्याच्यासाठी एक आवाजपण तयार केला होता, चांगला गुर्मीतला, ए बाजू हो असा. मग तुझे बाबा त्याला हॉस्पिटलात बघून आले. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला गेलात? ते सोप्यावर कदेलात, त्यांच्या लाकडी खुर्चीत बसले होते, बूट काढत होते. म्हणाले, त्यांच्या वेळी लोक खाणीच्या ट्रकवाल्यांना शिव्या घालायचे, राक्षस म्हणायचे, त्यांनी स्वतः त्या शिव्या खाल्ल्या. आता ट्रक बंद पडले. मग म्हणाले, "आता पोरांच पोरांक मारतत. शिव्या घालूच्यो कोणाक?" तो पोरगा म्हणे यांना बघून पलंगावर उठून बसला आणि काका, मी हॉर्न मारला होता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझा तयार केलेला आवाज फुकट गेला.

पण खरी गोष्ट साईशची. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय, तुला रडून दाखवायला नाही.

म्हातारीचं सांगणं त्याने ऐकलं आणि त्याने सरळ हिशेब लावला. दादाला हेल्मेटाने मारलं. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आपलं हेल्मेट, तूच घेऊन दिलेलं ते निळं, विहिरीत टाकलं. काकीने जनेलाच्या गजांतून बघितलं. त्यानंतर तो तुझ्या रस्त्याने कॉलेजला जातो, उघड्या डोक्याने, आणि जातो म्हणजे कसा जातो ते मला पानवाल्याने सांगितलं. म्हणाला, आवाज आधी येतो, पोरगा मागून.

काकीने मला बोलावलं. मागच्या दारी नारळ किसत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "एक गेलो. दुसऱ्याक मी खय बांधून ठेवू? तुजा आयकता तो. तू सांग तेका."

माझं ऐकतो? दिगू, माझं कोण ऐकतं? माझं ऐकून लोक हसतात. पण नारळ किसणाऱ्या बाईला हे सांगणार कसं? मी हो म्हटलं.

पहिल्यांदा मी हसवून बघितलं. साईशला गाठलं आणि त्याचं डोकं उघडं असेल तर डास कसे एकमेकांना पत्ता देतील याचा नमुना करून दाखवला, डासांच्या आवाजात. तो बघत राहिला, पोस्टर बघतात तसा. दुसऱ्यांदा मी ओरडलो. मला ओरडता येत नाही, माझं ओरडणं आमच्या गणिताच्या सरांसारखं निघतं, तो ओळखून म्हणाला, सर बरे आसत? तिसऱ्यांदा मी नीट बसून, माणसासारखं विचारलं, का करतोस असं. तेव्हा त्याने मला सांगितलं, अगदी शांतपणे. "दादान घातलेला. समोरच्यान घातला. काय झाला?"

मी दोन-तीनदा तोंड उघडून मिटलं, आठवडी बाजारातल्या टोपलीतल्या माशासारखं. कारण ते खरं होतं. घातलेलंच होतं तू. आणि हे वाक्य आता एकट्या साईशचं राहिलेलं नाही, नाक्यावरची सगळी पोरं म्हणतात. कोणी काही बोलायला गेलं की तुझं नाव पुढे करतात. दिगून घातलेला, वाचलो? तू ज्यांच्यासाठी रोज खोटं बोललास, ती पोरं आता तुझ्या नावाने हेल्मेट कोपरात ठेवतात. मला तर कधीकधी वाटतं, जाऊ दे, खरंच आहे त्यांचं. आणि मग तुझ्या आईचा नारळ किसतानाचा आवाज कानात येतो.

परवा दुपारी साईश म्हणाला, मामाकडे डिचोलीला जातोय, येतोस? मी म्हटलं येतो. माझं हेल्मेट घातलं आणि त्याच्या मागे बसलो. मनात ठरवून बसलो होतो की आज सोक्षमोक्ष लावायचा. गाव सुटल्यावर मी सगळे देव आठवले. माझा तोंडाचा भोंपूसुद्धा वाजेना. आणि मग काजूच्या बागेकडचं वळण आलं. आणि साईशने मान फिरवली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मला वाटलं कोणी ओळखीचं दिसलं असेल. वळण उजवीकडे, आणि हा डावीकडे बघतोय, काजूच्या झाडांकडे, पार वळण संपेपर्यंत. गाडी नुसती अंदाजाने चाललेली. ज्या जागी डोळे फाडून बघायचं त्या जागी हा बघतच नव्हता. म्हातारीने भाजीच्या टोपल्या मागे ओढल्या. सवयीने ओढल्या, म्हणजे हे रोजचंच होतं.

मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. पुढे ओहोळावरची मोरी आहे ना, जिच्या कठड्यावर आपण तवशी खायचो, तिथे गाडी थांबवायला लावली. उतरलो. हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं. मी म्हटलं, तू बघत का नाहीस?

तो म्हणाला, "थंय तेचा तोंड दिसता."

मला वाटलं भूतबीत म्हणतोय. मी म्हटलं, बरंच आहे, दादाच आहे तुझा, हात दाखव आणि पुढे जा. तेव्हा तो म्हणाला, "फुटलेला दिसता. सगळा फुटलेला."

कोणी सांगितलं तुला फुटलेलं, मी विचारलं. मग हळूहळू निघालं. तुला घरी आणलं तेव्हा तो आत आलाच नव्हता. सगळे एकेक करून तुझ्या तोंडात पाणी घालत होते तेव्हा तो गोठ्यामागे जाऊन उभा राहिला होता. मग तुला उचललं तेव्हा त्याने मागून खांदा दिला, पण तोवर तुझं तोंड झाकलेलं. कारखाली सापडला, असं त्याने लोकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि बाकीचं तोंड त्याने मनाने बनवलं. तेव्हापासून तो तेच बघतोय. आणि आम्ही सगळे, शहाणे, त्याला हेल्मेटाबद्दल सांगत होतो.

मी त्याला सांगितलं जे मी बघितलं होतं. काकांबरोबर हॉस्पिटलात मीच गेलो होतो ना. छातीचं डॉक्टरांनी सांगितलं, ते मी बघितलं नाही. हेल्मेटाची एक बाजू पार खरवडून गेली होती, काच नव्हती. पण आतून तू निघालास तो जसाच्या तसा. कपाळावर ओरखडा नाही. त्या आठवड्यात दाढी केली नव्हतीस तेवढंच. म्हणून तर तुझ्या आईला तुझं डोकं मांडीवर घेता आलं, पदराने तोंड पुसता आलं. तिने तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके घेतले, सगळ्यांसमोर. हेल्मेटाने तुला वाचवलं नाही, साईश म्हणतो ते खरं आहे. तेवढं एक त्याने केलं. ते थोडं आहे की पुष्कळ, मला अजून कळत नाही. मी त्याला तसंच सांगितलं, मला कळत नाही म्हणून.

तो कठड्यावरचं शेवाळ नखाने काढत होता. एक एअरपोर्टची टॅक्सी गेली, एक बस गेली. मग खाली बघत म्हणाला, "कसो दिसत होतो?"

मी सांगायला लागलो. झोपल्यासारखा, शांत, असले शब्द. ते माझे नव्हतेच, सगळे बायकांकडून ऐकलेले. त्याने मधेच थांबवलं.

"सांगू नको. दाखय."

दिगू, मी या तालुक्यात कोणाची नक्कल केली नसेल? भटजी, आमदार, कंडक्टर, बेडूक. तुझी कधी केली नव्हती. का ते विचारू नको, तू समोर असायचास, गरजच पडली नाही. आणि आता भर दुपारी मोरीवर, तेही असं. मला पळून जावंसं वाटलं. पण तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यावर ऊन होतं.

मी कठड्यावर आडवा झालो. हात छातीवर घेतले. डोळे मिटले. तुझा खालचा ओठ जरा डावीकडे जातो, तसा नेला. दात थोडे दिसायचे, ते दिसू दिले. आणि डावी भुवई वर, मला खोडून काढायच्या आधी व्हायची तशी, कारण मला ती तशीच आठवत होती. श्वास रोखून धरला. पाठीखाली दगड तापला होता. रस्त्यावरून एक मोटारसायकल हळू झाली, कोणीतरी काय मरे झाला तेका असं विचारलं, साईशने काहीतरी उत्तर दिलं, मोटारसायकल गेली. मी डोळे उघडले नाहीत. तो किती वेळ बघत होता मला माहीत नाही. मधे मला चोरून श्वास घ्यावा लागला.

मग त्याचा आवाज आला, अगदी जवळून.

"भुवई खाली कर," तो म्हणाला. "तो तेव्हा कोणाशी भांडत नसतलो."

मी भुवई खाली केली.

"हां," तो म्हणाला. "असो."

आणि मग तो रडला. मी तसाच पडून राहिलो, कारण मी उठलो असतो तर तू गेला असतास.

बऱ्याच वेळाने त्याने मला हलवलं, उठ म्हणाला, मुंगयो आसत थंय. मी उठलो तर त्याने कठड्यावरचं माझं हेल्मेट उचललं होतं. त्याचं विहिरीत आहे. त्याने माझं डोक्यात घातलं, त्याला मोठं होतं, पट्टा ओढून घट्ट केला. मी विचारलं नाही की बाबा पटलं का तुला, का म्हणून घातलंस. गाडी सुरू करून म्हणाला, बस मागे.

आता माझी पंचाईत बघ. हेल्मेट एक, डोकी दोन. मी मागे पाय टाकला आणि तसाच परत काढला. उघड्या डोक्याने त्याच्या मागे बसलो असतो तर तू मला जागेवर उतरवलं असतंस. म्हटलं, तू हो पुढे, मी चालत येतो. तो म्हणाला, डिचोली खय, तू खय. मी म्हटलं, मग डिचोली उद्या, आज घरी.

मी चालायला लागलो. त्याने गाडी वळवली, तरी पुढे गेला नाही. माझ्या बाजूने, दोन्ही पाय रस्त्याला टेकवत, चालण्याच्या स्पीडने येत राहिला, क्लच जाळत. वळणावर म्हातारी आम्हाला बघून तोंडावर पदर घेऊन हसली. साईश सरळ समोर बघत होता. मला तुला एवढंच कळवायचं होतं, दिगू. त्या वळणावर तो समोर बघत होता.